गंजावर गंजाचाच रंग?

प्रश्न : पावसाळ्याआधी बाल्कनीच्या ग्रीलला रंग द्यायचं ठरवलं. पेंटरने पॉलिश पेपर मारून आधी विटकरी रंगाचा प्रायमर लावला. डब्यावर ‘रेड ऑक्साइड’ असं लिहिलं होतं. मुलगी दहावीत आहे. ती म्हणाली, ‘रेड ऑक्साइड म्हणजे आयर्न ऑक्साइड, आणि गंज म्हणजेसुद्धा आयर्न ऑक्साइडच!’ मग आम्ही पैसे मोजून गंजावर गंजच लावून घेतला का? (एक वाचक, नावडे, नवी मुंबई)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे आणि पेंटरचंही. डब्यातला लाल रंग आणि ग्रीलवरचा गंज एकाच घराण्यातले आहेत. लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, अशा जोडणीचं ऑक्साइड लाल असतं. प्रायमरमध्ये त्याची अगदी बारीक, कोरडी पूड घातलेली असते. गंजातही लोह आणि ऑक्सिजनच असतात, पण त्यांच्याबरोबर पाणीही बांधलं गेलेलं असतं. म्हणून गंज पिवळट-तपकिरी दिसतो आणि हात लावला की भुगा पडतो.

मग एकाने लोखंड खाल्लं जातं आणि दुसऱ्याने राखलं जातं, हे कसं? लोखंडाचं नुकसान ऑक्साइडमुळे होत नाही, लोखंडाचं ऑक्साइड होण्यामुळे होतं. ग्रीलवरचा गंज ग्रीलच्याच लोखंडातून निघालेला असतो. जेवढा गंज दिसतो तेवढं लोखंड कमी झालेलं असतं. डब्यातलं ऑक्साइड मात्र दुसऱ्याच लोखंडाचं आहे, आणि त्याचा ऑक्सिजनशी असलेला व्यवहार आधीच पुरा झाला आहे. त्याच्यात आणखी गंजण्यासारखं काही उरलेलं नाही. ऊन, पाऊस, हवा यांनी ते बदलत नाही, पाण्यात विरघळत नाही, वर्षानुवर्षं विटत नाही. रंगात घालायला याहून स्वस्त आणि भरवशाचं द्रव्य मिळणं कठीण.

तरीही प्रायमरचं सगळं श्रेय लाल पुडीला देऊ नका. पुडीचे कण जागेवर धरून ठेवते ती राळ, म्हणजे रेझिन. वाळल्यावर तिचा पापुद्रा लोखंडाला चिकटून बसतो. ऑक्साइडचे कण त्या पापुद्र्यात दाटीने बसलेले असल्यामुळे पाण्याला आणि ऑक्सिजनला आत शिरायला सरळ वाट मिळत नाही. शिवाय उन्हातले अतिनील किरण ते स्वतःच शोषून घेतात, त्यामुळे राळ लवकर जळत नाही. गंजाला रासायनिक अडथळा करण्याचं काम मात्र तिसऱ्याच घटकाचं असतं, ते म्हणजे जस्ताचं संयुग. भारतीय मानकांत ‘रेड ऑक्साइड-झिंक क्रोम’ असा प्रायमरचा प्रकारच आहे. झिंक क्रोममधलं क्रोमियम माणसाला घातक असल्यामुळे आता पुष्कळ कंपन्या त्याऐवजी झिंक फॉस्फेट वापरतात. तेव्हा दुकानात नुसता लाल रंग पाहून डबा उचलू नका. त्यात झिंक फॉस्फेट आहे का, हे विचारा. लाल रंग झाकतो, जस्ताचं संयुग रोखतं.

प्रश्न : आमच्याकडे एक पावसाळा गेला की ग्रीलवर डाग दिसू लागतात. साताऱ्याला बहिणीच्या घराचं फाटक कितीतरी जुनं आहे, पण त्याला एवढा गंज नाही. हा नावड्याच्या हवेचा दोष का?

उत्तर : बऱ्याच अंशी हो. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच जागी लागतात. पण हे दोघं नेमकं काय करतात ते पाण्याच्या एका थेंबात पाहता येतं. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असे प्रयोग केले होते. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी पोचतो. मध्यभागी लोहाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन लोखंडातूनच कडेकडे धावतात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन ते उचलतात. थोडक्यात, एवढ्याशा थेंबाखाली विजेचा घट तयार होतो. पाण्यात उतरलेलं लोह आणि कडेची घडामोड यांची गाठ मधल्या पट्ट्यात पडते आणि तिथे गंजाचं कडं उमटतं. म्हणजे खड्डा पडतो एकीकडे आणि गंज साठतो दुसरीकडे. ग्रीलच्या सांध्यात, क्लॅम्पखाली, वेल्डिंगच्या फटीत, जिथे हवा कमी आणि ओल जास्त, तिथेच लोखंड आधी का कुजतं, ते यावरून कळेल.

या घटात मीठ पडलं की वीज जास्त सहज वाहते. मिठातलं क्लोराइड लोखंडावरचा उरलासुरला संरक्षक थरही फोडतं. आणखी एक गोष्ट : मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पाऊस नसला तरी खारट धूळ बसलेलं लोखंड ओलंच राहतं. हवेतली आर्द्रता साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की कोरड्या दिसणाऱ्या लोखंडावरही डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. पनवेलची खाडी तुमच्यापासून फार लांब नाही आणि तळोजा औद्योगिक वसाहत तर शेजारीच आहे. इंधन जळताना निघणाऱ्या गंधकाच्या वायूंपासून आम्ल तयार होतं, तेही गंजाला मदत करतं. साताऱ्याकडे पाऊस असला तरी वर्षाचा मोठा काळ कोरडा जातो आणि खारं वारं तिथवर पोचत नाही.

‘एकदा गंजाचा थर बसला की आतलं लोखंड तरी वाचेल’ ही आशा मात्र इथे चालत नाही. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड बनतं, पण ते पातळ, घट्ट आणि अखंड असतं, म्हणून खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट वर्षानुवर्षं टिकते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. तेवढी जागा नसल्यामुळे तो फुगतो, तडकतो आणि त्याचे पोपडे सुटतात. खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. याला एक नामांकित अपवाद दिल्लीत मेहरौलीला उभा आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या लोहस्तंभात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यामुळे त्याच्यावर घट्ट संरक्षक पापुद्रा धरला, असं आय.आय.टी. कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासातून दाखवून दिलं. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहे. तोच खांब खाडीच्या काठाला उभा असता तर त्याची गोष्ट वेगळी झाली असती.

प्रश्न : तो लाल रंग मग येतो कुठून? भंगारातला गंज खरवडून तर नाही ना करत?

उत्तर : खरवडून नाही, पण भंगारातून मात्र नक्की करतात. एका पद्धतीत लोखंडाचं भंगार आम्लधर्मी द्रावणात ठेवून त्यातून गरम हवा सोडतात. लोखंड हळूहळू विरघळतं आणि आधी ठेवलेल्या बारीक कणांवर ऑक्साइडचा थर चढत जातो. म्हणजे ठरवून, तापमान आणि हवा आपल्या हातात ठेवून केलेला गंजच तो. यातून पिवळा रंग मिळतो. तो भट्टीत तापवला की त्यात बांधलेलं पाणी उडून जातं आणि लाल रंग उरतो.

दुसरी पद्धत त्याहून जुनी आहे. आपल्याकडे हिराकस म्हणून हिरवट खडे मिळतात. हिरड्याबरोबर ते घालून पूर्वी काळा रंग आणि शाई करत. हा हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. तो कडक तापवला की आधी पाणी जातं, मग गंधकाचे वायू जातात आणि मागे लालभडक पूड राहते. तिसऱ्या पद्धतीत पोलादाच्या कारखान्यांतला टाकाऊ माल कामाला येतो. पत्र्यावर मुलामा देण्याआधी त्याच्यावरचा काळा थर आणि गंज काढायला तो आम्लात बुडवतात. त्या वापरलेल्या आम्लात पुष्कळ लोह उतरलेलं असतं. ते भट्टीत फवारलं की आम्ल परत मिळतं आणि लोहाचं ऑक्साइड वेगळं होतं. १९२५च्या सुमारास जर्मनीत ॲनिलीन हे रसायन करताना उरणाऱ्या लोखंडी गाळापासूनही रंग काढायची युक्ती सापडली आणि ती आजही वापरात आहे.

एकाच ऑक्साइडच्या छटाही वेगवेगळ्या मिळतात. कण अगदी बारीक असले तर लाल रंगात पिवळसर झाक येते, कण मोठे होत गेले की तो जांभळटाकडे झुकतो. कणांचा आकार सांभाळणं हीच या धंद्यातली खरी कारागिरी.

रंगाच्या कारखान्यांचा विषय निघाला की तळोज्याजवळ राहणाऱ्यांना ऑगस्ट २०१७ आठवेल. एका कारखान्यातून बाहेर पडलेल्या रंगाने वसाहतीतली भटकी कुत्री निळी झाली होती. तो रंग निळा होता, लोहाच्या ऑक्साइडचा नव्हता. पण धडा इथेही लागू आहे. लाल पूड स्वतः फारशी उपद्रवी नसली, तरी ती करताना उरणारं आम्लाचं पाणी शुद्ध न करता नदीत सोडलं तर त्याचा त्रास व्हायचा तो होतोच.

प्रश्न : गेरू, काव, शेंदूर हे सगळं आयर्न ऑक्साइडच का?

उत्तर : गेरू आणि काव, हो. शेंदूर, अजिबात नाही.

गेरू म्हणजे लोहाचं लाल ऑक्साइड मिसळलेली नैसर्गिक माती. पिवळी माती मिळते तिच्यात पाणी धरलेलं ऑक्साइड असतं. ती भाजली की लाल होते. कारखान्याच्या भट्टीत जे होतं ते माणसाने चुलीत फार पूर्वीच करून पाहिलं होतं. तुळशीवृंदावनाला, ओट्याच्या कडेला, कुंभाराच्या मडक्यांना गेरू लावतात. पालघर-ठाण्याकडच्या वारली घरांत शेण-मातीने सारवलेल्या किंवा गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा काढतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणि जगापुढे नेली आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पांढऱ्या रेषा एवढ्या उठून दिसतात त्या खालच्या लाल पार्श्वभूमीमुळेच. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या देवळांत काव कला दिसते. तिथे भिंतीवर चुन्याचा पांढरा आणि कावेचा लाल असे थर देऊन, वरचा थर ओला असतानाच कोरून नक्षी काढतात. विटा आणि मंगलोरी कौलं यांचा लाल रंगही बाहेरून दिलेला नसतो. मातीतलं लोह भट्टीच्या आचेत, भरपूर हवेत, लाल ऑक्साइड बनतं. भट्टीत हवा कमी पडली तर तीच वीट काळपट निघते.

शेंदूर मात्र पारंपरिक रीतीने शिशाचं ऑक्साइड असतं. त्याचा रंग केशरी-तांबडा आणि वजन भारी. पूर्वी जहाजांना आणि पुलांना गंजरोधक म्हणून शिशाचाच लाल प्रायमर देत, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. शिसं विषारी आहे. शेंदराचे हात तसेच तोंडाला लागू देऊ नयेत आणि मुलांच्या हाती तो देऊ नये.

प्रश्न : माथेरानला गेलो की कपडे लाल होतात. पण तिथला डोंगर काळ्या दगडाचा आणि आमच्याकडची मातीही काळसर. ही लाली आली कुठून?

उत्तर : त्याच काळ्या दगडातून. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हा थिजून झाला आहे, आणि त्याच्या वजनात लोहाच्या ऑक्साइडांचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असतो. खडकात असताना लोह बरंचसं इतर खनिजांत अडकलेलं, काळं-हिरवट असतं. त्यातला काही भाग मॅग्नेटाइट या काळ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या ऑक्साइडच्या रूपात असतो. एखादा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून इमारतीच्या आवारातल्या कोरड्या वाळूतून किंवा मातीतून फिरवा. पिशवीला काळी कुसं चिकटतील. मुलीला हा प्रयोग जरूर करू द्या. नंतर तोच चुंबक ग्रीलच्या गंजाच्या भुग्याजवळ न्या. तो भुगा जेमतेम हलेल किंवा मुळीच हलणार नाही, कारण साध्या गंजात चुंबकी ऑक्साइड फारसं नसतं.

माथेरानच्या पठारावर लाखो वर्षं मुसळधार पाऊस आणि ऊन आळीपाळीने पडत आलं. पावसाच्या पाण्यात खडकातला चुना, सोडा आणि बरीचशी सिलिका विरघळून वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून ती मागे राहिली आणि साठत गेली. त्यातूनच जांभा तयार झाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याचे चिरे काढून घरं बांधतात, तोच हा जांभा. खाणीतून ताजा काढलेला चिरा नरम असतो, हवेत राहिल्यावर कडक होतो. खाली तुमच्याकडे वाहून आलेला गाळ आणि खाडीची दलदल आहे. तिथे पाणी साचून राहतं, हवा कमी पोचते, त्यामुळे मातीतलं लोह लाल होत नाही.

लोहाच्या ऑक्साइडांचे मोठे साठे आपल्या आसपास आहेत : गोव्यातल्या डिचोली-सांगे भागात, सिंधुदुर्गातल्या रेडीला, गडचिरोलीतल्या सुरजागडला. गोवा आणि गडचिरोलीच्या खनिजांचा उगम समुद्रात झाला. अब्जावधी वर्षांपूर्वी सूक्ष्म जीवांनी प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली आणि समुद्रात विरघळलेलं लोह ऑक्साइड होऊन थरांथरांनी तळाशी बसलं. चंद्रपूरजवळच्या लोहारा इथल्या खनिजावरचा अहवाल १८८२मध्ये जमशेदजी टाटांच्या वाचनात आला आणि भारतात पोलाद काढायची कल्पना त्यांच्या डोक्यात पक्की बसली. कारखाना पुढे उभा राहिला तो जमशेदपूरला, पण विचाराची ठिणगी विदर्भातल्या लाल दगडाने टाकली.

या सगळ्या खनिजांतून लोखंड काढताना भट्टीत दगडी कोळसा किंवा कोक जाळून ऑक्सिजन ओढून काढावा लागतो. त्यासाठी भरपूर ऊर्जा खर्च होते. गंज हा त्या व्यवहाराचा उलटा प्रवास आहे. लोखंडाला ऑक्सिजनशी जोडलेलं राहणंच सोयीचं असतं. आपण त्याला जबरदस्तीने सोडवतो आणि ते पहिल्या ओल्या दिवशी परत जोडून घेऊ लागतं.

प्रश्न : रंग सोडून या ऑक्साइडचा आपल्याला आणखी काय उपयोग?

उत्तर : फार आहे, आणि बराचसा तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फूटपाथवरचे लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आयर्न ऑक्साइडनेच रंगवलेले असतात. जुन्या चाळींतल्या, बंगल्यांतल्या लाल कोब्याच्या जमिनीत सिमेंटमध्ये तीच पूड घालून, घोटून चकाकी आणलेली असे. अंगाला खाज सुटल्यावर लावायच्या कॅलामाइन लोशनची गुलाबी झाकही तिचीच. त्यातला मुख्य घटक झिंक ऑक्साइड पांढरा असतो. चेहऱ्याच्या फाउंडेशनच्या गव्हाळ-सावळ्या छटा लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडच्या मिश्रणातून मिळतात. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यातल्या तपकिरी फितीवर आयर्न ऑक्साइडचाच एक चुंबकी प्रकार लावलेला असतो. १९६३मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि पुढे कित्येक वर्षं नाट्यगीतं, भावगीतं, कीर्तनं या गंजाच्या भावकीतल्या फितीवरच घरोघरी पोचली. स्पीकरमागचा काळा चुंबकही बहुधा फेराइटचा, म्हणजे आयर्न ऑक्साइड आणि दुसऱ्या धातूचं ऑक्साइड यांच्या भाजलेल्या मिश्रणाचा असतो.

नावडे रोड स्टेशनवर उभं राहून दिवा-पनवेल मार्गाचे रूळ पाहा. भारतीय रेल्वेत रुळांचे पुष्कळसे सांधे थर्मिट वेल्डिंगने जोडतात. त्यात आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र पेटवतात. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा जास्त, म्हणून ते ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावून घेतं. या झटापटीत मिश्रणाचं तापमान अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास जातं आणि वितळलेलं पोलाद थेट दोन रुळांच्या फटीत ओततात. ही युक्ती जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी १८९०च्या दशकात शोधली. काही मिनिटांत गंज परत पोलाद होतो आणि त्याच्यावरून गाड्या धावतात.

त्याहून मोठं काम तळोज्यातच चालतं. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करतात, त्याशिवाय युरिया नाही. दीपक फर्टिलायझर्सचा अमोनियाचा कारखाना तळोज्यात आहे, आरसीएफचा अलिबागजवळ थळला. जगातल्या बहुतेक अमोनिया कारखान्यांत उत्प्रेरक म्हणून लोखंड वापरतात, आणि ते भरताना मॅग्नेटाइटच्या, म्हणजे काळ्या आयर्न ऑक्साइडच्या रूपात भरतात. त्यात थोडं ॲल्युमिनियमचं ऑक्साइड आणि पोटॅश मिसळलेलं असतं. आत हायड्रोजन सोडला की तो ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि सच्छिद्र लोखंड मागे राहतं. त्या छिद्रांच्या भिंतींवर नायट्रोजन फुटतो. जर्मनीत आल्विन मिताश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१०च्या सुमारास हजारो पदार्थ तपासून ही मात्रा ठरवली, आणि तिच्यात फार मोठा बदल करायची वेळ अजून आलेली नाही. आपल्या ताटातल्या अन्नाचा मोठा हिस्सा या काळ्या दगडाच्या जोरावर पिकतो.

प्रश्न : गंजका खिळा पायाला लागला की धनुर्वात होतो, आणि पाणी बंद राहून आलं की नळाला लाल पाणी येतं. गंज विषारी असतो का?

उत्तर : गंजामुळे धनुर्वात होत नाही. तो होतो क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जंतूमुळे. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. रस्त्यावर पडून गंजलेला खिळा मातीने माखलेला असतो, खडबडीत असतो आणि खोल शिरतो. म्हणून धोका मोठा. पण तितकीच घाणेरडी, चकचकीत सुई लागली तरी धोका तोच. जखम धुवा आणि इंजेक्शनची गरज आहे का, ते डॉक्टरांना विचारा. खिळ्याला गंज नव्हता, म्हणून निर्धास्त राहू नका.

लाल पाण्याची कारणं दोन. पाइप लोखंडी असेल तर पाणी थांबलं असताना आतला गंज सुटतो आणि पाणी पुन्हा जोरात आलं की त्याच्याबरोबर वाहून येतो. पहिलं पाणी बादलीत सोडून द्या. स्वच्छ यायला लागलं की भरा. बोअरवेलचं पाणी मात्र उपसताना स्वच्छ दिसतं आणि भांड्यात राहिलं की तांबूस होतं. जमिनीखाली हवा नसल्यामुळे लोह विरघळलेल्या रूपात असतं. वर आल्यावर ऑक्सिजन मिळतो आणि ऑक्साइड होऊन ते तळाशी बसतं. एवढ्याने कोणी आजारी पडत नाही, पण चव बिघडते, कपड्यांवर डाग पडतात आणि टाकीत गाळ साचतो. असं पाणी पिण्यासाठी वापरायचं असेल तर आधी तपासून घ्या. आणि हो, आयुर्वेदातलं मंडूर भस्म जुन्या लोखंडी किटापासून करतात, पण ते शुद्धीच्या ठरलेल्या प्रक्रियेतून जातं. म्हणून ग्रीलचा गंज कुणी औषध समजून खायचं कारण नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीत काही सदनिकांच्या छताचे पोपडे पडून सळ्या दिसू लागल्या आहेत. त्याच्यावरही रेड ऑक्साइड मारून गिलावा केला तर चालेल का?

उत्तर : नाही. ग्रील आणि स्लॅब यांचा गंज एकच असला तरी स्लॅबचं दुखणं खोल असतं. ताजं सिमेंट काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू बाराच्या वर असतो. तशा वातावरणात सळईवर अगदी पातळ संरक्षक पापुद्रा धरतो आणि ती गंजत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये झिरपतो आणि अल्कधर्म कमी होत जातो. अल्कधर्म गमावलेला हा थर सळईपर्यंत पोचला, किंवा खारट वाळू, खारं पाणी, खाडीची हवा यांतून क्लोराइड आत शिरलं, की पापुद्रा फुटतो. मग गंज फुगतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा, मग तपकिरी डाग, मग पोपडा.

खाडीकाठच्या बांधकामांत हे मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. १९७३मध्ये सुरू झालेल्या वाशीच्या पहिल्या खाडीपुलातल्या ताणलेल्या पोलादी तारांना गंजाने ग्रासलं. त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली आणि १९९७मध्ये शेजारी दुसरा पूल वाहतुकीला खुला झाला. पणजीत मांडवीवरचा पूल बांधून दोन दशकंही झाली नव्हती, तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्यातही गंजाचा हात होता.

तेव्हा सोसायटीने आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घ्यावी. सुटलेलं काँक्रीट हातोडीने वाजवून काढणं, सळई तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टिंगने पूर्ण साफ करणं, फार झिजली असेल तर जोडीला नवी सळई देणं, काँक्रीटशी जमणारं गंजरोधक लावणं आणि मग दुरुस्तीसाठीचा खास मसाला भरणं, हा क्रम आहे. घरगुती मेटल प्रायमर लावलेल्या सळईला काँक्रीट नीट चिकटत नाही. आणि छतातून पाणी गळत असेल तर ते आधी बंद करा. गळती चालू ठेवून केलेली दुरुस्ती पावसाळ्यात पुन्हा उकलते.

ग्रीलचं तुमचं काम यापेक्षा सोपं आहे. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा. बसलेला खारटपणा गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि ग्रील पूर्ण वाळू द्या. जुना रंग घासताना मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. प्रायमरचा हात सांध्यात, कोपऱ्यात आणि खालच्या पट्टीवर जास्त द्या, कारण पाणी तिथेच अडकतं. प्रायमर हा शेवटचा थर नाही. त्याच्यात बारीक छिद्रं असतात. म्हणून लावल्यावर तो महिनोन्‌महिने तसाच ठेवू नका. त्याच्यावर ऑइल पेंटचे दोन हात जूनच्या पहिल्या सरीआधी द्या. नाहीतर पुढच्या वर्षी मुलगी विचारेल की प्रायमरच्या लालीखाली हा नवा लाल डाग कुठून आला, आणि तेव्हा तिचं म्हणणं खरं असेल : तो गंजच असेल.